दोन सारख्या बॅगा

असोद्याच्या रुपचंद नानांसारखा न्यायी माणूस शोधून सापडायचा नाही, असं अख्खं गाव म्हणतं. म्हणू दे बापडं. म्हणायला गावाचं काय जातंय? त्या न्यायाखाली कोण चेंगरलं ते बघायला गाव थोडंच आलं होतं! ते बघितलं मेघानं, आणि बघून गप्प बसली तीही मेघाच.

मेघा म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची, समाधानची बायको. घर एकत्र. चूल एक, केळीचा मळा एक, आणि घराचे कर्ते नाना. नाना आणि कुंदाबाईंना एकच मुलगा, पियुष. समाधान आणि मेघाला एकच मुलगी, ऋतिका. पियुष बारा वर्षांचा, पण अंगानं थोराड, पाठमोरा बघितला तर कॉलेजातला वाटावा. ऋतिका आठ वर्षांची, आणि चणीनं इतकी बारकी की शाळेच्या रांगेत कायम पहिली उभी.

या घरात एकेकाळी सगळं माणसांसारखंच चालायचं. मोठ्याला मोठं, लहानाला लहान. मग एका दिवाळीला नानांनी पियुषला मोठी सायकल आणली आणि ऋतिकाला छोटी. पोर छोटी म्हणून सायकल छोटी, यात कुणाला काय खुपावं? पण समाधानला खुपलं. भर अंगणात, फराळाला आलेल्या चार माणसांदेखत तो ओरडला, "माह्या पोरीले लहान काऊन? आम्ही लहान म्हनून?" दोन दिवस ताटावर बसला नाही. वेगळं निघायची भाषा केली. नानांचा चेहरा पार उतरला होता. ज्या भावाला त्यांनी बापाच्या मागे अंगाखांद्यावर वाढवलं, त्यानं हे बोलावं! तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून या घरात बठ्ठं सारखं. जे पियुषले, तेच ऋतिकाले. त्याच मापाचं, त्याच रंगाचं. पुन्हा कोनी मले भेदाचं नाव घ्यायचं नही."

आणि नाना शब्दाचे पक्के, हो! तेव्हापासून ऋतिकाचं दप्तर तिच्या गुडघ्याला लागायचं. रेनकोट चिखलातून लोळत यायचा. छोटी सायकल परत गेली आणि मोठी आली, ती पोरीच्या पायाला कधी पुरलीच नाही; ओसरीत उभी राहून गंजली. समाधान मात्र खूश होता. त्याच्या पोरीला कमी काही मिळत नव्हतं ना? झालं तर मग.

तर अशा घरात गोल्फ आला.

जळगावच्या ज्या शाळेत ही दोन मुलं जायची, तिथं उन्हाळी वर्ग निघाला. शाळेच्या मागच्या पडीक जागेत जाळी बांधली, हिरव्या चटया टाकल्या आणि नाशिकहून भूपेंद्र सर नावाचे शिक्षक आले. क्रिकेट सोडून हे काय नवीन खूळ म्हणून गावात लोक हसले. नाना हसले नाहीत. "पोरं शिकतील तर शिकू द्या," म्हणाले, आणि अर्थातच दोघांची नावं घातली.

मेघा सकाळी सकाळी स्कूटीवरून मुलांना न्यायची आणि उन्हं चढायच्या आत आणायची. पहिले काही दिवस ती झाडाखाली बसून मोबाइल बघायची. मग एकदा तिनं मान वर केली आणि तिचा मोबाइल मांडीवरच राहिला. सरांनी ऋतिकाला एक छोटी स्टिक दिली होती, नारिंगी मुठीची. पोरगी उभी राहिली, जरा वाकली, स्टिक मागे नेली आणि सोडली. टक्! एवढासाच आवाज. चेंडू उडाला तो सरळ जाळीच्या मधोमध. पुन्हा टक्. पुन्हा मधोमध. घरी पाहुणे आले की आईच्या पदराआड लपणारी ही पोर, आणि इथं तिचे पाय कसे रोवलेले होते! मेघाच्या अंगावर काटा आला. आपल्या पोटी हे असलं काही जन्माला आलंय, हे तिला त्या दिवशी कळलं.

सरांनीच तिला एक दिवस थांबवलं. "ताई, वर्ग संपताना आमच्या अकादमीची माणसं येणार आहेत. इथून एक मूल निवडतील. राहणं, शाळा, शिकवणं, सगळं अकादमीचं. मला विचाराल तर ही एकच आहे."

"आणि पियुष?"

"मुलगा चांगला आहे. ताकद आहे. पण हिच्या हातात जे आहे ते शिकवून येत नाही. फक्त रोज घरी सराव हवा, आणि त्यासाठी हिची स्वतःची स्टिक हवी." मग त्यांनी नारिंगी स्टिक ऋतिकाच्या शेजारी उभी धरली. तिचं वरचं टोक पोरीच्या कमरेपाशी आलं. "हे बघा, एवढी. कमरेच्या फार वर जायला नको. वजनाला हलकी. चार स्टिका पुष्कळ झाल्या, भाराभर नकोत. आणि एक लक्षात ठेवा, वाढत्या अंगाची घेऊ नका. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, स्टिक नाही चालत. लांब आणि जड स्टिक हातात आली की मूल तिला सांभाळण्यासाठी वाकडं उभं राहायला शिकतं. मग ते वाकडेपण निघता निघत नाही."

मेघानं सगळं मनाशी घोकलं. कमरेपर्यंत. हलकी. चारच. वाढत्या अंगाची नको.

घरी तिनं जेवताना विषय काढला. नाना घास हातात धरून ऐकत होते. निवड म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "मग वाट कोनाची पाहता? धुळ्याले चंदनशेठचं दुकान आहे, तो मुंबईहून मागवतो. उद्याच जाऊ. बठ्ठे जाऊ."

बठ्ठे म्हणजे अगदी सगळे गेले. गाडीत नाना, समाधान, दोघी जावा आणि दोन्ही मुलं. वाटेत नानांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. कोण म्हणेल या माणसाला वाईट? तोच तर घोळ होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

चंदनशेठनं दोन बॅगा काढल्या. एक लाल, लहान मुलांची, आत चार स्टिका. एक निळी, मोठ्या मुलांची, चांगली उंच, आत जास्त स्टिका आणि बाहेर दोन-तीन कप्पे. शेठनं लाल बॅगेतली स्टिक ऋतिकाच्या शेजारी उभी धरली. कमरेला आली, बरोब्बर! मेघाला तर देवानंच माप घेऊन पाठवल्यासारखं वाटलं. कॅरमच्या आणि बॅटांच्या मधल्या बोळात ऋतिकानं स्टिक फिरवली, ती हवेत सूं करून गेली. पोरीच्या तोंडावर हसू फुटलं. नानाही हसले. "वा रे पठ्ठी!"

मग पियुषनं निळी हातात घेतली. तीही त्याला छान बसली. शेठनं दोन्ही बॅगा गल्ल्याशेजारी ठेवल्या, एकीला एक लागून.

तिथंच घात झाला. उंच निळी आणि तिच्या खांद्याला लागणारी बुटकी लाल. नाना त्या दोन बॅगांकडे बघत राहिले. मग त्यांनी समाधानकडे बघितलं. समाधान वर पंख्याकडे बघत होता. नानांच्या कपाळावर आठी पडली. मेघाला कळलं. बॅगा नव्हेत, नानांना दोन सायकली दिसत होत्या.

"दोन निळ्या द्या," नाना म्हणाले.

शेठ गोंधळला. "नाना, पोर धाकली शे, तिले हाई लालच बरोबर शे."

"आज धाकली आहे. उद्या वाढीन का नही? अन् लाल तर दोन वर्षांत टाकून द्यावी लागीन. मी पोरीले टाकाऊ देऊ?"

मेघानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळा धीर गोळा केला. "नाना, सर म्हनत होते, कमरेच्या वर नको. पोरीले जड जाईन."

नाना मायेनं हसले. "मेघा, तू संकोच नको करू. मी भेद करत नही, तुले माहीत आहे."

"संकोच नही, नाना, खरंच…"

"राहू दे ना व मेघा," कुंदाबाई मध्येच बोलली, आणि तिच्या बोलण्यात जुनी खपली निघाली. "आज तू म्हनतेस लहान घ्या. उद्या भाऊजी अंगनात उभे राहून म्हनतील, पियुषले मोठी अन् आम्हाले बुटकी. तव्हा तू येशील का मधात?"

मेघानं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. 'नाना, लहानच घ्या.' बस. याच माणसाच्या तोंडानं आग लावली होती, आता त्याच तोंडानं विझवायची होती. पण आपण तेव्हा चुकलो हे कबूल करायला छाती लागते, आणि समाधानकडे तेवढी कुठली! तो म्हणाला, "नाना देताय ते बरोबरच आहे."

चंदनशेठनं ऋतिकाच्या हातातली लाल स्टिक हळूच काढून घेतली. पोरीनं मूठ आपणहून सैल केली. तिला सवय होती.

घरी आल्यावर गावानं बॅगा बघितल्या. झुलाल आप्पा नावाचे शेजारी तर म्हणाले, "भाऊ असावा तर असा!" नाना भरून पावले.

केळी भरायच्या शेडपुढं मोकळी जागा होती, तिथं सराव सुरू झाला. निळी स्टिक उभी धरली की ऋतिकाच्या बरगडीला लागायची. त्यातली सर्वांत मोठी तर हनुवटीला. मूठ धरायला गेली की स्टिकचं टोक पोटात रुतायचं, म्हणून पोर ती अर्ध्यातून धरायची. टोक टाळायला लांब उभी राहायची. मागे नेली की स्टिकचं वजनच तिला ओढायचं, आणि आठ वर्षांची पोर बैलाच्या मागे फरपटल्यासारखी भेलकांडायची. आंघोळ घालताना मेघाला तिच्या पोटावर निळा डाग दिसला. "दुखतं का गं?" विचारलं तर म्हणाली, "नाही. नाना म्हणाले, सवय होईल."

सरांच्या हे लगेच ध्यानात आलं. बॅग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मेघा काय सांगणार? आमच्या घरी न्याय आहे, हे सांगणार? "घरच्यांनी घेतली," एवढंच पुटपुटली.

सरांनी चिडूनच ती नारिंगी स्टिक पुन्हा काढली. चार-पाच दिवस पोरगी चाचपडली, मग हळूहळू तिचे पाय पुन्हा रोवले गेले. "निवडीच्या दिवशी हीच देतो," सर म्हणाले. "फक्त घरी ती निळी हातात धरू देऊ नका."

हे समाधानच्या कानावर गेलं मात्र, तो तडकलाच. "उसनी? नानांनी एवढी महागाची आणली, अन् माही पोरगी चार लोकांत उसनी काठी घेऊन उभी राहीन? नानांचं नाक कापतेस का?"

"पोरीचं नशीब कापलं तर चालतं का?" मेघा फणकारली. "तुमच्या त्या सायकलीपायी झालं हे बठ्ठं!"

तो भरला तांब्या तसाच ठेवून निघून गेला. मेघानं मात्र मनाशी पक्कं केलं. त्या दिवशी काय व्हायचं ते होऊ दे, पोरगी नारिंगीच घेईल.

निवडीच्या सकाळी शाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. नाना पांढराशुभ्र कुर्ता घालून आले, पाहुण्यांसाठी केळीच्या फण्या घेऊन. झुलाल आप्पांना सोबत आणलं होतं, आणि दोन्ही निळ्या बॅगाही. पुढच्या रांगेत बसून शेजारच्यांना सांगत होते, "दोघांले सारखंच घेतलं मी. आमच्या घरात भेद नही." मेघा त्यांच्या मागच्या रांगेत होती. एका बाजूला कुंदाबाई, पाठीशी समाधान उभा.

ऋतिकाचं नाव पुकारलं. पोरगी पुढं आली. सरांनी नारिंगी स्टिक तिच्यापुढं धरली.

तेवढ्यात नानांनी हाक मारली. रागानं नव्हे हो, लाडानं. "ऋतिका, बेटा, आपली निळी घे ना! आपल्याजवळ असताना कोनाचं उसनं काऊन?"

दोन-चार माणसं कौतुकानं हसली. सरांचा हात तसाच पुढं राहिला. ऋतिकानं नारिंगीकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि मग खुर्च्यांच्या रांगेतून शोधत शोधत आईकडे बघितलं.

होकाराची मान हलवायची होती फक्त. बोलायचंही नव्हतं. पोरगी तेवढ्यासाठीच थांबली होती. मेघाला बाजूला कुंदाबाईचा श्वास ऐकू येत होता, पाठीमागे नवऱ्याचं खाकरणं ऐकू आलं. मान हलली तर नाना चार लोकांत तोंडघशी पडणार, समाधान घरी तोंड फिरवणार, कुंदाबाई जन्मभर ऐकवणार. एका काठीपायी घर फुटलं असं लोक म्हणणार. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, आणि तिनं मान खाली घातली.

पुन्हा वर बघितलं तेव्हा पोरीच्या हातात निळी होती.

पहिल्यांदा स्टिक चेंडूवरून नुसती फिरली. दुसऱ्यांदा ती चटईवर आपटली आणि तिच्या ओढीनं ऋतिका खाली बसली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यांदा चेंडू घरंगळत बाजूला गेला, पाच-सात पावलांवर. अकादमीच्या पाहुण्यांनी "छान हं, बाळ," म्हटलं. सरांनी तर तिकडे बघितलंच नाही. ते नारिंगी स्टिक पुसत उभे होते, उगाच.

पियुष आला. निळी त्याच्या मापाचीच होती. त्यानं चेंडू बरे मारले, सरळ मारले. त्याची निवड झाली.

नानांनी तिथल्या तिथं पेढे आणवले. पियुषच्या हातावर दोन ठेवले, ऋतिकाच्या हातावर दोन. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "नाराज नही व्हायचं. सामान तर दोघांचं सारखंच होतं ना? आता ज्याचं त्याचं नशीब." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मेघाला त्या पाण्याचा इतका संताप आला की तिनं आपले पेढे मुठीत चुरडून टाकले. पण चुरडले तेही पदराखाली.

परतताना स्कूटीवर ऋतिका तिच्या पाठीला चिकटून बसली होती. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आई, तू मान का नाही हलवलीस?"

"कधी गं?" मेघा म्हणाली. "तू माझ्याकडे बघत होतीस? माझं लक्षच नव्हतं."

घर येईपर्यंत पोरीचे हात आईच्या कमरेवरून सुटलेले होते.

पियुष नाशिकला गेला आणि वर्षभरात परत आला. मेसचं जेवण आवडत नाही म्हणाला, आणि त्याला मुळात क्रिकेटच खेळायचं होतं. कोणी त्याला बोललं नाही. भूपेंद्र सर नाशिकला गेले ते गेलेच, जळगावचा वर्ग बंद पडला, जाळी कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला नेली. नानांनी दोन्ही निळ्या बॅगा माळ्यावर ठेवल्या, शेजारी शेजारी.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत त्या खाली आल्या. ऋतिका आता सातवीत. एका उन्हाळ्यात ताडमाड वाढलीय, आईच्या खांद्याच्या वर गेलीय. नानांनी बॅगेवरची धूळ झटकली, एक स्टिक काढली आणि तिच्या शेजारी उभी धरली. टोक कमरेला लागलं. बरोब्बर!

"अरे वा! मार बरं बेटा एक," नाना म्हणाले. बॅगेच्या कप्प्यात जुना चेंडू होता, तो त्यांनी स्वतः वाकून शेडपुढच्या मातीत ठेवला.

ऋतिका उभी राहिली. जरा वाकली. मेघा तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती, तिचा हात सुपातच थांबला. टक्! तोच आवाज. चेंडू उडाला तो केळीच्या बागेवरून पार पलीकडे गेला, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. समाधान तोंड उघडं टाकून बघत राहिला. ऋतिकानं मात्र चेंडू कुठं गेला ते बघितलंही नाही.

नाना आनंदानं टाळ्या पिटत ओट्याकडे वळले. "पाह्यलं का मेघा? मी म्हनत नव्हतो, पोरगी वाढीन? लाल घेतली असती तर आज हाती काय राह्यलं असतं? घेतलं ते बरोबरच घेतलं होतं ना?"

ते उत्तरासाठी थांबले होते. समाधानही बघत होता, दारातून कुंदाबाईही. आणि ऋतिकाही, स्टिक हातात तशीच धरून, आईकडेच बघत होती.

मेघानं होकाराची मान हलवली.

ऋतिकानं ते बघितलं, स्टिक भिंतीला टेकवून ठेवली आणि ती आत निघून गेली.